घोड्यांच्या रेसवर पैसे लावायची खरंच काही पद्धत असते का? (महालक्ष्मी / पुणे)

पाऊणतास

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. मी लोअर परळला नोकरीला आहे. दिवाळीनंतर ऑफिसातला एक मित्र रविवारी महालक्ष्मीला रेसला घेऊन गेला. पहिल्याच दिवशी २०० चं विन तिकीट काढलं, घोडं आलं आणि हातात १३०० पडले. खरं सांगतो त्या रात्री झोप लागली नाही इतका आनंद झाला होता. मग चार रविवार ओळीने गेलो आणि चारही रविवार हरलो, मिळून ९४०० गेले. पगाराच्या मानाने ही रक्कम माझ्यासाठी छोटी नाहीये.

मित्राचं म्हणणं की तुझ्याकडे सिस्टीम नाही म्हणून हरतोस. त्याची सिस्टीम अशी की प्रत्येक रेसला फेव्हरिटवर (ज्या घोड्यावर बाजाराचा सगळ्यात जास्त भरवसा, म्हणजे भाव सगळ्यात कमी) लावायचं, हरलं की पुढच्या रेसला डबल, परत हरलं की परत डबल, कधीतरी फेव्हरिट येतोच आणि सगळे पैसे वसूल. ऐकायला बरोबर वाटतं पण मनाला पटत नाहीये. इथे कोणी जुने जाणकार असतील तर प्लीज नीट सांगा, पद्धत असते का आणि असेल तर काय असते.

रेलिंगपाशी

भाऊ, मी १९९६ पासून रेसला जातोय, हिवाळ्यात महालक्ष्मी आणि पावसाळ्यात पुणे. वही ठेवतो, पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या वह्या घरी आहेत, त्यामुळे जे सांगतो ते वहीत बघून सांगतो.

आधी ते डबल करायचं आजच बंद कर. १०० पासून सुरू केलंस आणि हरत गेलास तर १००, २००, ४००, ८००, १६००, ३२००, ६४००, १२८००. आठव्या तिकिटापर्यंत तुझे २५५०० बाहेर गेले. फेव्हरिट साधारण तीनातून एकदा येतो असं धर, कारण ढोबळ मानाने जगभर तसंच दिसतं, म्हणजे एकदा हरायची शक्यता दोन तृतीयांश आणि ओळीने आठ वेळा हरायची जवळपास ४ टक्के. २५ वेळा हा खेळ मांडलास तर त्यात सरासरी एकदा असा दिवस येणार आणि त्या एका दिवसात बाकीच्या २४ दिवसांची कमाई जाऊन वर आणखी जाणार. एका रविवारी आठ-नऊ रेस असतात, म्हणजे हा दिवस एका दुपारीत येऊ शकतो. माझ्या ओळखीच्या एका माणसाने पुण्यात बायकोचा दागिना ह्याच पद्धतीत घालवला, घोड्यांचं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळायचं.

दुसरी गोष्ट भावाची. भाव म्हणजे बाजाराने त्या घोड्याला दिलेली टक्केवारी. ४/१ म्हणजे एकाला चार नफा, यायची शक्यता पाचात एक, २० टक्के. २/१ म्हणजे ३३. इव्हन म्हणजे एकाला एक, ५०. आता पाच घोड्यांची रेस घे, भाव इव्हन, २/१, ४/१, ८/१, १०/१. टक्के कर, ५० अधिक ३३.३ अधिक २० अधिक ११.१ अधिक ९.१, बेरीज १२३.५ येते. खरी बेरीज १०० च्या वर जाऊच शकत नाही, तो वरचा साडेतेवीस बुकीचा. म्हणजे घोडं कोणतं येणार ह्याचा अंदाज बरोबर असून भागत नाही, तुझा अंदाज बाजारापेक्षा चांगला हवा आणि तोही ह्या साडेतेवीसाला पुरून उरेल इतका. हे ज्याला कळलं त्याची निम्मी तिकिटं आपोआप कमी होतात.

मग मी बघतो काय? सगळ्यात आधी क्लास आणि वजन. आपल्याकडे हँडिकॅप रेस असतात, म्हणजे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, प्रत्येक घोड्याला रेटिंग असतं आणि एका पॉइंटला अर्धा किलो वजन. २० ते ४६ वाल्या क्लासमध्ये ४६ रेटिंगचं घोडं सगळ्यात जास्त ओझं घेऊन पळतं. जिंकलं की हँडिकॅपर त्याचं रेटिंग वाढवतो, समजा ५२ केलं, तर ते ४० ते ६६ च्या क्लासमध्ये जाईल आणि तिथे टॉपच्या घोड्यापेक्षा ७ किलो हलकं असेल पण सोबत मजबूत घोडी. लोक फक्त 'मागच्या वेळी जिंकलंय' एवढंच बघतात, मी बघतो की जिंकलं तेव्हा पाठीवर किती होतं आणि आज किती आहे.

मग अंतर. १००० मीटरला जे घोडं सुटतं ते १६०० ला दम टाकतं. नंतर जमीन. पुण्यात जुलै-ऑगस्टला ट्रॅक मऊ असतो, पेनेट्रोमीटरचं (जमीन किती मऊ ते मोजणारं यंत्र) रीडिंग देतात ते बघायचं, काही घोडी चिखलात मस्त चालतात आणि तीच डिसेंबरला मुंबईत कडक जमिनीवर पायच टाकत नाहीत. फॉल्स रेल, म्हणजे आतल्या बाजूचं तात्पुरतं रेलिंग, किती मीटरवर लावलीय तेही बघायचं कारण त्यावर आतल्या ड्रॉचा (सुटायच्या जागेचा) फायदा ठरतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणत्या रेसला हात लावायचा नाही. पहिल्यांदाच पळणाऱ्या दोन वर्षांच्या बच्च्यांची रेस मी सोडतो, त्यांच्याबद्दल तबेल्याबाहेर कोणालाच काही माहीत नसतं. खालच्या क्लासची १४-१५ घोड्यांची गर्दीही सोडतो. माझ्या वहीप्रमाणे ९ रेसच्या दिवशी मी सरासरी दोनला लावतो, कधी एकालाही नाही.

हिशोबनीस

रेलिंगपाशी ह्यांचं सगळं मान्य, पण त्यांच्या हिशोबात सरकार आलेलंच नाही. मी टॅक्सचं काम करतो म्हणून लिहितोय, हा भाग रेसवाले नेहमी टाळतात.

आधी रेसच्या पूर्ण बेटवर २८ टक्के जीएसटी होता, २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून तो ४० टक्के झाला. पूर्ण बेटवर म्हणजे तुम्ही जिंका किंवा हरा, लावलेल्या प्रत्येक रुपयावर. कर वरून लावा नाहीतर तिकिटाच्या किमतीत धरा, उत्तर एकच येतं, तुमच्या खिशातून निघालेल्या १४० मधले ४० कर आणि १०० घोड्यावर. म्हणजे खिशातल्या १०० पैकी २८.५७ पहिल्या पायरीवरच गेले, राहिले ७१.४३. टोटने (रेसकोर्सची अधिकृत तिकीट खिडकी) पूलमधून, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र पैशातून, समजा २० टक्के कापले (प्रत्येक पूलचा आकडा वेगळा असतो, उदाहरणासाठी धरतोय), तर वाटायला ५७.१४ उरतात. सगळ्या पब्लिकने मिळून १०० आणले आणि ५७ परत नेले. आता ह्यातून नफ्यात यायचं तर तुम्ही सरासरी पंटरपेक्षा पावणेदोन पट चांगले हवेत. पाऊणतास, तुम्ही पाच रविवार झालेले माणूस आहात.

अजून आहे. एका तिकिटावर १०,००० च्या वर जिंकलात तर ३० टक्के टीडीएस जागेवरच कापला जातो. वर्षाअखेरी रेसच्या कमाईवर सरळ ३० टक्के आणि ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२, तुमचा स्लॅब कोणताही असो, आणि खालची करमुक्त मर्यादाही ह्या उत्पन्नाला लागत नाही. आणि बेटिंगमध्ये हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. समजा एका रविवारी जॅकपॉटला ६०,००० लागले आणि अख्ख्या सीझनमध्ये ८०,००० हरलात, तरी ६०,००० वर १८,७२० कर भरायचा. एकूण २०,००० नुकसानीत असलेला माणूस वर १८,७२० भरतो. माझ्याकडे असा एक क्लायंट येऊन गेलाय, त्याला हे समजावताना मलाच वाईट वाटलं.

भायखळा_पूल

माझे वडील ३१ वर्षं मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, होते. रेसवाले त्यांना सईस म्हणतात पण आमच्या घरात मोतद्दार हाच शब्द. पहाटे साडेतीनला उठून तबेल्यात जायचे, घोड्याचे पाय हाताने चाचपायचे, कुठे गरम लागतंय का, दाणा पूर्ण खाल्ला का तेवढाच ठेवला ते बघायचे. मी लहानपणी सुट्टीत त्यांच्यासोबत सकाळचा ट्रॅकवर्क, म्हणजे घोड्यांचा सराव, बघायला जायचो. धुक्यातून घोडी येताना आधी नुसता आवाज येतो, टापांचा आणि श्वासाचा, मग आकार दिसतो. तो आवाज मी आजपण विसरलो नाहीये.

तर पेपरात ट्रॅकवर्कचे टायमिंग छापून येतात, ६०० मीटर ३८ सेकंद, पुढे 'मूव्ड फ्रीली', 'प्लीज्ड', 'अर्ज्ड' असं काहीतरी. लोक फक्त सेकंद बघतात. वडील म्हणायचे वर कोण बसलं होतं ते आधी विचार, ५० किलोचा जॉकी की ६५ किलोचा रायडिंग बॉय, लगाम ओढून धरला होता का सोडला होता, आतल्या रेलने आणलं का बाहेरून मोठा वळसा घालून. लगाम धरून ४० सेकंदात आलेलं घोडं हे चाबूक मारून ३८ ला आणलेल्यापेक्षा भारी असतं. 'अर्ज्ड', म्हणजे जोर लावून पळवलेलं, असं लिहिलेलं असलं तर सावध.

आणि पॅडॉकला जरूर उभे रहा, तिथे फुकट शिकायला मिळतं. रेसच्या आधी घोडी गोल फिरवतात तेव्हा चामडीला चमक आहे का, मागचे पाय मोकळे पडतात का, मांड्यांच्या मध्ये घामाचा पांढरा फेस आलाय का हे बघायचं. जे घोडं पॅडॉकमध्येच घामाघूम होऊन मान झटकतंय त्याने अर्धी रेस तिथेच संपवली. पहिल्यांदा ब्लिंकर्स (डोळ्यांच्या बाजूच्या झापडा) लावलेत का तेही बघा, भित्र्या किंवा इकडेतिकडे बघणाऱ्या घोड्यात त्याने खूप फरक पडतो.

आता टिपबद्दल. लोक वडिलांना रस्त्यात अडवून विचारायचे, आज तुमचं घोडं येणार का. ते म्हणायचे घोड्याची तब्येत मला माहितीये, बाकीच्या ११ घोड्यांची मला काय माहिती. ३१ वर्षांत त्यांनी एक रुपया लावला नाही. लोकांना वाटायचं मोतद्दाराला आतली खबर असते म्हणजे घरात पैसा असेल, आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत वाढलो.

पाऊणतास

भायखळा_पूल दादा, वाचून अंगावर काटा आला. पॅडॉकला मी एकदाही गेलेलो नाही, सरळ तिकिटाच्या खिडकीवर जायचो.

टिपचाच प्रश्न आहे. एका टेलिग्राम ग्रुपमध्ये मित्राने घेतलंय, महिना २,५०० फी आहे, तिथे 'शुअर शॉट' म्हणून रोज दोन घोडी देतात आणि जिंकलेल्या तिकिटांचे फोटो टाकतात. आणि तोच ग्रुपवाला म्हणतो रेसकोर्सला यायची गरज नाही, फोनवर लावा, कर पण लागत नाही. हे कसं?

रेलिंगपाशी

फोनवरचं लगेच बंद. आपल्याकडे १९१२ चा रेसकोर्स लायसन्सिंग कायदा आहे, लायसन्स असलेल्या रेसकोर्सच्या आवारात टोटवर किंवा लायसन्सवाल्या बुकीकडे लावलेलं कायदेशीर. १९९६ ला सुप्रीम कोर्टाने घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, ती गोष्ट हे फोनवाले सगळ्यांना ऐकवतात, पण त्या निकालाने गल्लीतला बुकी कायदेशीर झालेला नाही. तिथे तू जिंकलास आणि त्याने पैसे दिले नाहीत तर जाणार कोणाकडे? आणि हरलास तर तो उधारीवर खेळू देतो, ही सगळ्यात वाईट गोष्ट, खिडकीवर निदान खिशातले संपले की संपलं.

टिपवाल्यांचं गणित सोपं आहे. दहा घोड्यांच्या रेसमध्ये वेगवेगळ्या ग्रुपला वेगवेगळी घोडी दिली तर एका ग्रुपला विनर लागणारच, फोटो त्याचेच टाकायचे. ज्याला खरंच विनर माहितीये तो ते २,५०० साठी विकणार नाही, कारण जितके जास्त लोक लावतील तितका त्याचाच भाव पडणार.

शातिनकर

मी नऊ वर्षं हाँगकाँगला आहे. इथे बुधवारी रात्री हॅपी व्हॅली आणि वीकेंडला शातिन, रेस हा इथला मोठाच उद्योग आहे. 'रेसमध्ये कोणीच जिंकत नाही' हे पूर्ण खरं नाही, बिल बेंटर म्हणून अमेरिकन माणूस ऐंशीच्या दशकात इथे आला आणि कॉम्प्युटर मॉडेलवर अफाट पैसा कमावला. पण त्याने काय केलं ते बघा. प्रत्येक घोड्याचे शंभराच्या वर घटक, वर्षानुवर्षांचा डेटा हाताने भरलेला, माणसांची टीम, आणि सुरुवातीची काही वर्षं तोटाच. त्याचं मॉडेल चाललं कधी, तर जेव्हा त्याने आपल्या अंदाजात बाजाराचा भाव पण एक घटक म्हणून घातला. म्हणजे पब्लिकला जे कळतं ते मला कळत नाही हे त्याने मान्य केलं आणि मग पुढे गेला, १९९४ च्या पेपरमध्ये त्याने हे सगळं स्वतःच लिहून ठेवलंय.

आपल्याकडे तेच करता येईल का? मला वाटतं नाही. इथे पूल एवढे मोठे की लाखो लावले तरी भाव फारसा हलत नाही, मुंबईत एखाद्या पूलमध्ये थोडी मोठी रक्कम टाकली की तुम्हीच तुमचा डिव्हिडंड (जिंकल्यावर मिळणारी रक्कम) खाली आणता. शिवाय इथला क्लब मोठ्या हरलेल्या बेटवर रिबेट (थोडे पैसे परत) देतो, तिथे उलट ४० टक्के कर.

किती लावायचं ह्याबद्दल मात्र एक उपयोगी गोष्ट आहे, केली फॉर्म्युला, १९५६ चा, बेल लॅब्जच्या माणसाने काढलेला. भाव ४/१ आणि तुमच्या मते घोडं यायची शक्यता २५ टक्के, तर (४ × ०.२५ − ०.७५) भागिले ४, म्हणजे ०.०६२५, एकूण पैशाच्या सव्वासहा टक्के लावा. तीच शक्यता २० टक्के धरली तर उत्तर शून्य, काहीच लावू नका. फरक फक्त पाच टक्क्यांचा. आणि घोड्याला २५ द्यायचे की २० हे इतक्या बारकाईने सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, म्हणून मुरलेले लोक केलीच्या अर्धं किंवा पावच लावतात.

अजून एक, ४०/१ च्या घोड्याची हाव धरू नका. १९४९ पासून ह्यावर अभ्यास झालेत, लांबच्या भावाच्या घोड्यांवर लोक त्यांच्या खऱ्या शक्यतेपेक्षा जास्त लावतात, त्यामुळे तिथे रुपयामागे नुकसान जास्त.

सुपारीफूल

मी रेसमधलं काही समजणारी नाही पण धागा वरून खालपर्यंत वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझे बाबा पुण्याच्या रेसकोर्सला जायचे. त्यांना सगळं यायचं, तुम्ही लोकांनी लिहिलंय ते वजन, क्लास, ड्रॉ, सगळं तोंडपाठ, आजोबा घोडा कोण, आई कोण, हेसुद्धा. मला लहानपणी सांगायचे की बडोद्याच्या महाराजांनी एका घोड्याचं नाव सयाजीराव ठेवलं होतं आणि त्याने १९४७ ला इंग्लंडची सेंट लेजर जिंकली, त्याचा सख्खा भाऊ दांते त्याच्या आधी तिथली डर्बी जिंकलेला, म्हणून लांब पल्ल्याला रक्त बघायचं असतं. मला ती गोष्ट फार आवडायची.

पण घरभाडं थकायचं. आई शिवणकाम करून माझी फी भरायची. बाबा हरल्यावर कधी रागावले नाहीत, उलट जिंकले की जास्त बिघडायचे, कारण मग पुढचे दोन महिने तेच 'आता पद्धत सापडली' म्हणत राहायचे. पाऊणतास, तुमचे पहिले १३०० वाचून मला तेच आठवलं. तुम्ही अजून ९४०० वर आहात आणि विचारताय, ही चांगली गोष्ट आहे. पण उधार घेऊन लावावंसं वाटलं किंवा घरच्यांपासून रक्कम लपवली गेली तर थांबा आणि कोणाशी तरी बोला, सरकारची टेलिमानस म्हणून १४४१६ वर फुकट हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. बाबांच्या वेळी असं काही नव्हतं.

रेलिंगपाशी

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझ्याच वयाचे असतील तुमचे बाबा, कदाचित एकाच रेलिंगला उभे राहिलो असू.

वहीची गोष्ट काढलीच आहे तर पूर्ण सांगतो. इतक्या वर्षांच्या वह्यांमध्ये मी नफ्यात असलेले सीझन फक्त चार आहेत आणि चारही २०१७ च्या आधीचे, जीएसटी यायच्या आधीचे. त्यानंतर एकही नाही. मी महिन्याला २,००० ठरवतो, ते सिनेमाच्या तिकिटासारखे गेलेलेच धरतो, आणि संपले की पुढच्या महिन्यापर्यंत नुसती रेस बघतो. मला घोडी बघायला आवडतात, शेवटच्या २०० मीटरला दोन घोडी मान ताणून बरोबरीने येतात ते बघायला आवडतं, म्हणून जातो.

पाऊणतास, तुला एक काम. पुढचे पाच रविवार जा, तिकीट काढू नकोस, कागदावर लाव. रेस सुटायच्या आधी लिहायचं, कोणतं घोडं, का, भाव किती, तुझ्या मते शक्यता किती टक्के. सोडलेली रेस पण लिहायची आणि का सोडली तेही. नंतर इथे टाक.

पाऊणतास

पाच रविवार झाले, वही समोर घेऊन बसलोय.

एकूण ३९ रेस बघितल्या. २४ सोडल्या, १५ ला कागदावर १०० प्रमाणे लावले. १५ पैकी ५ आली, भाव ६/४, २/१, १८/१०, ७/२ आणि ५/२. परत आलेले २५०, ३००, २८०, ४५०, ३५०, बेरीज १६३०. लावले १५००. म्हणजे १३० नफा. गेल्या रविवारी लोकलमध्ये हा हिशोब केला तेव्हा मला एवढा आनंद झाला की लगेच मित्राला फोन लावणार होतो.

मग हिशोबनीस सरांची पोस्ट परत वाचली. प्रत्येक १०० ला ४० कर धरला तर लावलेले १५०० चे २१०० होतात, परत १६३०, म्हणजे ४७० तोटा. १५ मध्ये ५ म्हणजे नशीबही बरं होतं आणि तरीही तोटा. ओळीने सहा हरलो होतो मध्ये, मित्राच्या पद्धतीने त्या सहात ६३०० गेले असते आणि सातव्याला ६४०० लावायला माझ्याकडे पैसेच नव्हते.

टेलिग्राम ग्रुपचं पण वहीत लिहिलं. पाच रविवारात त्यांनी दिलेली १० 'शुअर शॉट', आली २, दोन्ही इव्हनच्या खालच्या भावाची.

पॅडॉकला रोज उभा राहिलो. तिसऱ्या रविवारी एक तांबडं घोडं घामाने पांढरं झालं होतं, भायखळा_पूल दादांचं आठवून सोडलं, ते फेव्हरिट होतं आणि शेवटून दुसरं आलं. तो दिवस मी विसरणार नाही.

भायखळा_पूल

वा! हे वडिलांना वाचून दाखवलं. ते विचारतायत की कान कसे होते, मागे टाकलेले का पुढे उभे.

पाऊणतास

कान बघितलेच नाहीत. पुढच्या वेळी बघतो आणि सांगतो त्यांना.

रेलिंगपाशी

तुझ्या वहीत एक गोष्ट दिसली, हरलेल्या १० पैकी ७ रेस १००० आणि १२०० च्या आहेत. छोट्या रेसमध्ये गेटमधून सुटताना घोड्याची एक लांबी मागे पडली की भरून काढायला वेळ नसतो, नवीन माणसाला त्या वाचायला अवघड. १६०० आणि वरच्या बघ. फेब्रुवारीत डर्बी आहे, २४०० मीटर, ती कागदावर लाव, मी पण कागदावरच लावणार आहे. पॅडॉकला ये, मी हिरवी टोपी घालून असतो, आणि भायखळा_पूल, वडिलांना जमत असेल तर त्यांना घेऊन या, येण्याजाण्याच्या टॅक्सीचं मी बघतो.